पेंढ्याची वेणी

मोरीतून पाणी उलटं यायला लागलं की आपण काय करतो? आधी घरच्यांना विचारतो, कुणी काही टाकलंत का. मग प्लंबरला फोन लावतो आणि तो येईपर्यंत महापालिकेच्या नावानं बोटं मोडतो. मीरा रोडजवळच्या खाडीकाठच्या मुर्धा गावात, धर्माच्या घरी, आषाढी अमावास्येच्या दुपारी असंच पाणी उलटं आलं. त्याच्या बायकोनं, इंदुबाईनं, भांडी खाटेवर चढवली. धर्मानं मात्र कुणालाही फोन केला नाही. सत्तरी ओलांडलेला तो जुना दर्यावर्दी उंबऱ्यात उभा राहून नुसता पाण्याकडे बघत होता.

"पानी चढत न्हाय, इंदू," तो म्हणाला. "पानी जात न्हाय. कोनीतरी उघाडी बांदलीय."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार; ती बांधली की दार बंद. पावसाचं पाणी गावातून उतरून मागच्या तिवरांत जातं आणि ओहोटी लागली की या दारानं खाडीत. भरतीला त्याच दारानं खारं पाणी आत येतं, त्यावर तिवरं जगतात. तिवर म्हणजे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेली खारफुटी. परीक्षेपुरती वाचली आणि विसरलो, हे वेगळं.

त्याच दुपारी गावातल्या सगळ्यात खालच्या घरात धर्माची विधवा बहीण चंपा गुडघाभर पाण्यात सुक्या बोंबलांच्या गोणी उचलत होती. पाय सरकला आणि कमरेचं हाड मोडलं. तिला पाठीवर घेऊन रिक्षापर्यंत नेलं ते भूपेशनं, धर्माच्या एकुलत्या एका मुलानं. वेदनेनं कळवळत असतानाही ती सांगत होती, "बाला, हलू चाल रं. पान्यात काच आसंल, तुला लागंल."

उघाडी बांधली होती ती भूपेशनंच.

भूपेश काही वाईट मुलगा नव्हता. आयटीआय केलेला, मीरा रोडच्या इमारतींवर सोलर पॅनल बसवणारा. कोळसा जाळून आपण पृथ्वी तापवतोय, हे तो मनापासून बोलायचा. पण सोसायट्यांच्या मीटिंगांना जाऊन जाऊन त्याच्या चपला झिजल्या होत्या. कुणाला गच्चीवर पापड वाळवायचे असत, कुणाला सेक्रेटरीचं नाक कापायचं असे. आणि कमिटीतला एक गट 'हो' म्हणाला की दुसरा गट 'नाही' म्हणणारच. अशा वेळी गावच्या भागातले पुढारी निकेतदादा त्याला भेटले.

"भूपेश, शहरातला पहिला सोलर पार्क आपल्या वॉर्डात होतोय," ते म्हणाले. "तुमच्या गावामागची जागा बघितलीय. तू तिथला इनचार्ज. फक्त सर्व्हेच्या वेळी जमीन ओसाड दिसली पाहिजे."

"पण दादा, तिवरं आहेत ना तिथे."

"झाड तोडलं तर केस होते. वाळलं तर कुणावर होणार?"

भूपेशला कळलं. बाराव्या वर्षी बापानंच त्याला उघाडी बांधायला शिकवली होती. फळ्यांच्या दोन रांगा लावायच्या, मध्ये काळा चिखल तुडवायचा आणि चिखलात भाताच्या पेंढ्याची तीनपदरी वेणी घालायची. ही वेणी धर्माच्या आजाची. ती घातली की भिंतीतून थेंब झिरपत नाही. मुर्ध्यात आता ती घालणारे हे बापलेक दोघंच उरले होते. मार्गशीर्षात, बांधाकडे कुणी फिरकत नसताना, भूपेशनं ती घातली आणि मे महिन्यापर्यंत तिवरं पिवळी पडून वाळली.

त्या मे महिन्यात बापलेकांचं एकदा बोलणं झालं होतं. त्या उन्हाळ्यात पायांचं दुखणं वाढल्यानं धर्माला बांधापर्यंत जाववत नव्हतं, पण माडीवरून त्याला वाळलेली झाडं दिसत होती.

"ऊन वाढलंय बाबा, क्लायमेट चेंज," भूपेश म्हणाला. "आता तिथे सोलर येतंय, ते चांगलंच होतंय ना?"

"सूर्याची वीज चांगलीच. मी कं न्हाय म्हनतो?" धर्मा म्हणाला. "पन एवऱ्या बिल्डिंगी हायेत, त्यांची डोकी रिकामी हायेत. तिथं लावा. तिवर कशाला मारायचं? दर्या दरसाल वर चढतोय. त्याला धरून ठेवतं कोन?"

"टेरेससाठी लोक भांडतात, बाबा. तिवर भांडत नाही."

धर्माला तेव्हाच संशय आला असावा.

पाणी भरलं त्या दिवशी गावकऱ्यांनी पहारीनं उघाडी फोडली. दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. गावात वडिलकीचा मान असलेल्या सदूअण्णांनी चिखलानं माखलेला पेंढा सगळ्यांसमोर ठेवला.

"धर्मा, ही वेनी तुझी न्हाय कं?"

धर्मानं वेणी हातात घेतली. पदर मोजल्यासारखी बोटं फिरवली. भूपेश मागच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच्याकडे धर्मानं एकदाही वळून पाहिलं नाही.

"माजीच हाय," तो म्हणाला. "म्हातारपन. बुद्धी फिरली."

कुणी शिवी दिली नाही. लोक नुसते उठून गेले. भूपेशही त्यांच्याबरोबर बाहेर पडला. संध्याकाळी निकेतदादांचा फोन आला. "बाप असावा तर असा. चला, विषय मिटला," ते म्हणाले. त्या रात्री भूपेश भरल्या ताटावरून उठला.

नारळी पौर्णिमा आली. तीस वर्षं दर्याला पहिला नारळ धर्मा देत आला होता. यंदा तो सदूअण्णांच्या हातात गेला. धर्मा तेही गिळून बसला. पण राखीसाठी तो काठी टेकत चंपाच्या घरी गेला, तेव्हा तिनं अंथरुणातून तोंड भिंतीकडे फिरवलं. रिकाम्या मनगटानं तो परत आला आणि ओटीवर बसून राहिला.

संध्याकाळी भूपेश आत्याला भेटायला गेला. तिनं त्याचा हात धरला. "तुज्या बापाला इचार रं," ती म्हणाली, "मी त्याचं काय वायट केलं व्हतं?"

तेव्हाच सांगायचं होतं. पण ती रडत होती, बाहेर सणाला आलेली माणसं होती. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सर्व्हेवाले आले. तिसऱ्या दिवशी धीर झाला नाही. पाचव्या दिवशी पहाटे चंपा गेली.

स्मशानात अग्नी दिल्यावर भूपेश सगळ्या गावासमोर बापाच्या पायांवर कोसळला. "बाबांनी नाही, मी बांधली उघाडी! मीच मारली तिवरं. आत्यालाही मीच मारलं."

सदूअण्णांनी मान खाली घातली. धर्मानं मुलाला उठवलं नाही आणि दूरही ढकललं नाही.

"मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "मला म्हाईत व्हतं. चंपीला सांगायचं व्हतं."

आणि इतके दिवस आवरून धरलेला तो म्हातारा लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी भूपेश तहसील कचेरीत गेला आणि सर्व्हेच्या कागदावर हरकत लिहून आला. 'ही झाडं वाळली नाहीत. मी वाळवली. कुणी सांगितलं तेही लिहितो.' निकेतदादांनी फोन उचलणं बंद केलं. भूपेशवर केस झाली, अजून चालू आहे. ओहोटीच्या वेळी तो तिवरांच्या शेंगा चिखलात रोवत असतो. बांधावर धर्मा बसलेला असतो. गावानं नारळाचा मान परत देऊ केला, तर धर्मा म्हणाला, "पोराला वेनी शिकवली, दर्या शिकवला न्हाय. मान कसला घेऊ?"

वाचकहो, सूर्याची वीज आपल्याला हवीच आहे. पण तिवरांच्या मढ्यावर उभी राहिलेली वीज स्वच्छ कशी म्हणायची? आणि निकेतदादाला एकट्याला दोष देऊन आपण सुटत नाही. आपल्या सोसायटीची गच्ची रिकामी आहे. तिच्यासाठी आपण भांडलो, म्हणून न भांडणाऱ्या झाडांवर पाळी आली. गच्चीवरच्या सोलरसाठी पुढच्या मीटिंगमध्ये हात वर करायचा असेल तर तो याच मीटिंगमध्ये करा. चूक कबूल करायची असेल तर आज करा. उद्या सांगू, असं भूपेशही म्हणाला होता. धर्माचं मनगट रिकामंच राहिलं.