चार सेकंदांचा हात

घरात त्याला 'दशांश' म्हणत. हे नाव मेहुण्याने पाडले होते आणि त्यामागे सबळ पुरावा होता. आठ महिन्यांपूर्वी, भर जेवणात, सासऱ्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून आपल्या तरुणपणीच्या नव्वद किलोंच्या माशाची कथा सांगितली. या जावयाने ताट बाजूला सारून फोटोतल्या धक्क्याच्या फळ्या मोजल्या, त्यांवरून माशाची लांबी आणि घेर काढला, आणि तो मासा एकसष्ट किलोंहून जड असणे संभवत नाही, असे शांतपणे जाहीर केले. गणित बिनचूक होते. त्या दिवसापासून सासरे लेकीच्या घरी पाण्यालाही आले नाहीत.

म्हणूनच निघताना बायकोने दारात त्याचा दंड धरला. "अण्णांनी आपणहून मासेमारीला बोलावलंय तुला. आजचा एक दिवस कुणाची चूक काढू नकोस. काहीही झालं तरी."

"आणि चूक असलीच तर?"

"असली तरी. मूग गिळून बस."

त्याने मान डोलावली. अन्नातले आणि पाण्यातले जड धातू मोजणाऱ्या प्रयोगशाळेत त्याची बारा वर्षे गेली होती. चुका शोधण्याचाच त्याला पगार मिळे. एक दिवस बिनपगारी रजा घ्यायला हरकत नव्हती.

बोट किनारा सोडून तीन तास खोल समुद्राकडे गेली, तोवर त्याने किळसवाण्या गोष्टींची मनातल्या मनात प्रतवारी करून ठेवली होती. तिसऱ्या क्रमांकावर डिझेलचा धूर. दुसऱ्यावर आमिषाची बादली. तिच्यातले बांगडे कालचे, आणि त्यांचे डोळे आंबट दुधासारखे झालेले. पहिल्या क्रमांकावर मेहुणा, जो कठड्यावर ओणवा होऊन सकाळचा नाश्ता समुद्राला परत करीत होता आणि दोन उमाशांमध्ये मान वर करून विनोदही करीत होता.

"भावजी, पहिला मार्लिन मासा धरणाऱ्याला धक्क्यावरून पाण्यात ढकलतात. आमच्या मासेमारी क्लबची रीतच आहे. पोहता येतं ना?"

"येतं."

"किती येतं? दशांशात सांगा."

सासरे हसले. आठ महिन्यांत प्रथमच ते त्याच्या उपस्थितीत हसले. एका हाताने उकडलेले अंडे सोलता सोलता त्यांनी दुसऱ्या हाताने त्याच्या पाठीवर थाप मारली. शर्टावर टरफलाचा कण आणि बांगड्याचे तेल राहिले. त्याने ते पुसले नाही. याला तो आपला त्याग समजला.

सव्वादहाच्या सुमारास उजवीकडची गळाची दांडी वाकली आणि रिळातून दोर किंचाळत सुटला. "बसा, जावईबापू, बसा!" म्हणत सासऱ्यांनी त्याला मधल्या खुर्चीत जवळजवळ आदळले. त्याने स्वतः दांडी खोबणीतून उपसली आणि कमरेच्या पट्ट्यात रोवली. दूरवर पाणी फुटले आणि एक प्राणी अख्खाच्या अख्खा हवेत उभा राहिला. पाठ गर्द निळी, अंगावर फिकट पट्टे, नाकाडाचा भाला. तांडेलाने सुकाणूवरून फक्त एवढेच म्हटले, "मोठा आहे."

पुढच्या पन्नास मिनिटांत पराक्रम म्हणावा असे त्याला काही आढळले नाही. एका टोकाला घशात लोखंड अडकलेला प्राणी होता, दुसऱ्या टोकाला कंबर धरलेला माणूस, आणि मध्ये यंत्राची चक्रे. प्राणी दमेपर्यंत वाट पाहायची, एवढेच काम. त्याचे तळवे सोलले. तोंडात पित्त आले. ते त्याने गिळले.

आणि मग त्याची पकड सुटली. घामाने निसरडी झालेली दांडी पट्ट्यातून उसळली. त्याच क्षणी सासऱ्यांचा हात आला आणि रिळाच्या वर त्यांनी दांडी घट्ट आवळली. तांडेल तेव्हा पाठमोरा होऊन इंजिनाची गती कमी करीत होता. मेहुण्याचे डोके कठड्याबाहेर होते. एक, दोन, तीन, चार. हात गेला. मोजण्याची सवय हात गुंतलेले असतानाही सुटत नाही.

नियम त्याला पाठ होता. क्लबची पुस्तिका त्याने आदल्या दिवशी दोनदा वाचली होती, कारण कुठेही जाण्यापूर्वी तिथले नियम वाचावेत, असे त्याचे मत होते. गळ लागल्यापासून मासा हाती येईपर्यंत दांडीला दुसऱ्याचा हात लागला, तर तो मासा नोंदीतून बाद.

मासा बोटीलगत आला तेव्हा तो एका कुशीवर होता. घशातून त्याचे जठर उलटे होऊन बाहेर आले होते: गुलाबी, ओले, आतली बाजू बाहेर काढलेल्या मोज्यासारखे. मोठा काळा डोळा वर पाहत होता. शेपटी अजून संथपणे हलत होती.

तांडेलाने दोर हातमोज्याला गुंडाळला. "जगेल हा. पोट जातं आत आपोआप. सोडायचा की घ्यायचा?"

या बोटीवर मासे सोडून देत. विक्रमाचा मासा तेवढा तोलण्यासाठी मारून नेत. क्लबचा विक्रम दोनशे बारा किलोंचा होता. सासऱ्यांनी माशावरून नजर फिरवली आणि त्यांचा आवाज चिरकला. "दोनशे वीस तरी असेल हो! जावईबापू, तुमच्या नावावर लागेल हा! पहिल्याच फटक्यात!"

त्याने तोंड उघडले. 'हात लागला होता,' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. त्याला दारातला दंडावरचा हात आठवला. हा म्हातारा आठ महिने एका दशांशावरून रुसला होता. आज विक्रम हिरावून घेतला, तर जन्मभर तोंड पाहणार नाही, असे त्याने अनुमान काढले आणि तोंड मिटले.

"घ्या," सासरे म्हणाले.

लांब दांड्याची लोखंडी आकडी खांद्यामागे रुतली. मग लाकडी दंडुका. सहा वेळा, पहिले चार नीट बसले नाहीत. रक्त पातळ होते आणि बोटीच्या हेलकाव्याबरोबर ते त्याच्या बुटांखालून इकडून तिकडे वाहत राहिले. निळा रंग त्याच्या डोळ्यांदेखत गेला. त्वचेतल्या रंगपेशींचे नियंत्रण सुटते, म्हणून तो जातो, हे त्याला माहीत होते. माहीत असण्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. दहा मिनिटांत तिथे शिशाच्या रंगाचे एक लांब ओझे पडले होते आणि कल्ल्यांतून बोटभर लांबीचे परजीवी लोंबत होते. पोट रिकामे असूनही मेहुण्याला पुन्हा उमासा आला.

धक्क्यावर मासा शेपटीला दोर बांधून उलटा टांगला गेला. माश्या तोलकाट्याच्या आधीच हजर होत्या. क्लबच्या मापाड्याने चष्मा सावरून आकडा वाचला. "दोनशे एकोणीस पूर्णांक सहा दशांश."

"दशांशासकट!" मेहुणा ओरडला. "आता भावजी, बूट काढा. ढकलतोच तुम्हाला." त्याने बूट काढून ठेवले.

"थांबा, आधी अर्ज," मापाडी म्हणाला. तो एकेक प्रश्न मोठ्याने वाचू लागला. दोर कुठला, गळ कितीचा, किती वेळ लागला. मग, मान वर न करता, "दांडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला होता?"

सासरे हसत उभे होते. त्यांच्या त्या उजव्या हातावर वाळलेले रक्त होते.

बारा वर्षांत त्याने खोट्या विधानाखाली सही केली नव्हती. शब्द आपसूक आले. "हो. अण्णांचा. चार सेकंद."

मापाड्याने पेनाला टोपण लावले. मेहुण्याचा चेहरा पडला. "झालं समाधान? भावजी, एक दिवस... एक दिवस तरी!"

सासऱ्यांनी मात्र आपला हात उलटसुलट करून पाहिला. "लागला होता?" त्यांनी हळू विचारले. "मला कळलंच नाही हो. तोल गेला तुमचा, आणि मी..." ते थांबले. माशाकडे पाहिले; जठर आता सुकून कातड्यासारखे झाले होते. "मग तिथं का नाही बोललात?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला?" म्हाताऱ्याच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरे झाले असते. "अहो, सोडला असता ना मग त्याला. तीस वर्षं सोडतोच आहे."

तांडेल बोट धूत होता. त्याने पाण्याची नळी बंद केली, एकदा दशांशाकडे पाहिले आणि पुन्हा चालू केली.

समोरच्या माणसाविषयी एक अनुमान त्याने बिनतपासणीचे, एका नमुन्यावरून, खरे धरले होते. प्रयोगशाळेत कुणी असे केले असते, तर त्याने तो अहवाल लेखकाच्या अंगावर फेकला असता.

"मांस वाटून टाकू का?" मापाड्याने विचारले.

"नको," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या माशात पारा मर्यादेच्या वर निघतो. मी मोजलाय. खाण्यालायक नाही."

हे विधान अचूक होते. कुणी त्यावर वाद घातला नाही. मापाड्याने कचऱ्याच्या गाडीला फोन लावला. कुणी त्याला पाण्यात ढकलले नाही. मेहुण्याने त्याचे काढलेले बूट पायानेच त्याच्याकडे सरकवले. ते आतपर्यंत चिकट झाले होते. त्याने तसेच पाय घातले.

सासरे गाडी येईपर्यंत माशाशेजारी उभे राहिले आणि टोपीने माश्या हाकलत राहिले.

खिशातला फोन वाजला. बायको होती. "कसा गेला दिवस? अण्णा खूश आहेत ना?" आणि मग आवाज खाली आणून, "गप्प राहिलास ना तू?"

"राहिलो," तो म्हणाला. "बरोबर नको त्या वेळी."