फोटोत नसलेले दोघे भाऊ

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि 'जुना' हा शब्द मी मान ताठ ठेवून सांगतो. माझं अंग चांगलं ओतीव धातूचं आहे. मला बॅटरी लागत नाही, चार्जर लागत नाही. खटका ओढा, बटण दाबा, 'खट्' झालं की काम फत्ते. लाल, हिरवा, निळा यांच्याशी माझं काही देणंघेणं नाही. काळा, पांढरा आणि मधला राखाडी, एवढ्या भांडवलावर मी अख्ख्या गावाचे चेहरे टिपले.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझी लेन्स उजेडाकडे धरली, हळूच फुंकर मारली आणि म्हणाल्या, "हा टिकणार." तेवढं सर्टिफिकेट मला जन्मभर पुरलं.

मला विकत घेतलं ते दोन भावांनी. त्यांनी मिळून स्टुडिओ काढला. थोरले फोटो काढायचे आणि धाकटे अंधारखोलीत फिल्म धुऊन प्रिंट काढायचे. थोरल्यांना औषधांच्या वासानेच शिंका यायच्या, आणि गिऱ्हाईक समोर आलं की धाकट्यांच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. पण दोघांचं काम एकत्र आलं की काय बिशाद कुणाची नावं ठेवायची! एकदा एक पोस्टमन आपला फोटो हातात घेऊन म्हणाला, "मी एवढा बरा दिसतो? बायकोला दाखवतो, तिला पटतच नाही." हे सगळं माझ्यामुळे, असं मी म्हणत नाही. पण माझ्याशिवाय झालं असतं का, तुम्हीच सांगा.

पुढे रंगीत फोटोंचे दिवस आले. थोरले म्हणाले, "रंगीतचं मशीन घेऊ." धाकटे म्हणाले, "माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही." शब्दाने शब्द वाढला आणि स्टुडिओ मोडला. दिवे आणि पडदे थोरल्यांनी नेले, अंधारखोलीतलं सामान धाकट्यांनी. माझे काही दोन तुकडे होईनात! शेवटी मला त्यांच्या बहिणीकडे ठेवलं. दोघांनी बोलणं टाकलं ते टाकलंच.

बहिणीला घरातली मुलं आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणतो. आत्याच्या कपाटात माझ्या एका बाजूला डांबराच्या गोळ्या आणि दुसऱ्या बाजूला बंद पडलेला टॉर्च. माझ्या शेजारी टॉर्च! अपमान गिळावा तरी किती? पण आत्या गुणाची. अधूनमधून मला बाहेर काढायची, पुसायची, दोन-तीनदा खट् खट् करायची आणि म्हणायची, "गंजू नको रे बाबा." तिच्या त्या दोन-तीन खटांवर मी तग धरला.

एक दिवस कपाटाचं दार धाडकन उघडलं. समोर धाकट्यांची लेक. एका जागी कधी बसली नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात.

"आत्या, काका उद्या दुपारी कायमचे मुलाकडे राहायला चाललेत, सातासमुद्रापार. आणि त्यांचा न् बाबांचा एकत्र असा एकही फोटो नाही."

"काहीतरीच काय! जन्मभर फोटोचाच धंदा केला की त्यांनी."

"म्हणूनच नाही. काका कॅमेऱ्यामागे, बाबा अंधारात. फोटोत कोण असणार? उद्या नाही निघाला तर मग कधीच नाही."

"मग मोबाईलवर काढ."

"मोबाईल धरला की बाबा तोंड फिरवतात. पण याच्यापुढे उभे राहतील. दोघंही राहतील."

ऐकलंत? याच्यापुढे! माझी छाती दोन इंच फुगली असती, पण माझं अंग धातूचं.

दुसऱ्या दिवशी आत्याने दोघांना चहाला बोलावलं. दुसराही येणार आहे, हे एकालाही सांगितलं नाही. थोरले आले ते गाडीत सामान टाकूनच. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोन टोकांच्या खुर्च्या धरल्या. चहा झाला. मग आत्याने दोघांना जवळजवळ ढकलतच अंगणात उभं केलं. मधे एवढी जागा सोडली होती की एक कपाट मावावं.

भिंगरी मला डोळ्याला लावून फोटोमागून फोटो काढत होती. आणि मी आतल्या आत ओरडत होतो. कारण फिल्म पुढे सरकतच नव्हती! भिंगरीने भरताना फिल्मचं टोक माझ्या चाकात नीट अडकलंच नव्हतं. फिल्म सरकली की माझ्या डोक्यावरचं छोटं बटण आपोआप फिरतं. ते ढिम्म होतं. पोरीचं तिकडे लक्षच नाही. माझी काही चूक नव्हती, हे आधी लिहून घ्या. पण माझ्यावर एवढा भरवसा ठेवलेला आणि आत सगळं कोरं, या विचाराने माझा जीव कासावीस झाला.

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. थोरले निघाले. जाता जाता सवयीने त्यांची नजर माझ्याकडे गेली, आणि ते थबकले.

"खटका ओढ बघू पुन्हा. अगं, वरचं बटण फिरतंय कुठे?"

त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं आणि भर उन्हात माझं मागचं झाकण उघडायला हात घातला. तेवढ्यात मागून धाकटे जिवाच्या आकांताने ओरडले, "दादा, झाकण नको! उजेड लागेल!"

दादा! किती वर्षांनी आली होती ती हाक!

थोरल्यांनी वळूनही पाहिलं नाही. "उजेड लागायला काही निघालंय काय? टोक अडकलेलंच नाही." मग एकदम चढत्या आवाजात म्हणाले, "पोरीला एवढंही शिकवलं नाहीस?"

"फिल्म भरणं तुझं खातं! मी फक्त धुवायचो. तू का नाही शिकवलंस?"

"बोलवलंस कधी शिकवायला?"

"आलास कधी?"

दोघंही तोंडाला तोंड देत होते, आणि भांडता भांडता धाकटे पुढे येऊन उन्हाला पाठ करून उभे राहिले. त्यांच्या सावलीत थोरल्यांनी फिल्मचं टोक चाकात अडकवलं, झाकण लावलं, खटका ओढला. बटण फिरलं. "हां, आता!" दोघं एकदमच म्हणाले आणि एकदमच हसले. भिंगरीने मला ओढून घेतलं. खट्! अभिमानाने सांगतो, माझ्या साऱ्या आयुष्यात माझा आवाज एवढा खणखणीत कधी वाजला नव्हता.

"धुऊन पाठवतो," धाकटे म्हणाले.

"पाठवतो काय? बघितल्याशिवाय मी हलत नाही." विमान उद्या रात्रीचं होतं, तेव्हा थोरल्यांनी गाडीवाल्याला उद्या यायला सांगितलं.

भिंगरीच्या गळ्यात लटकून मीही धाकट्यांच्या घरच्या अंधारखोलीत गेलो. लाल दिव्याखाली, औषधाच्या ट्रेमध्ये, कोऱ्या कागदावर हळूहळू दोघं वर आले. खांद्याला खांदा, तोंडं उघडी, डोळे बारीक. थोरले शिंकायचंही विसरले.

"मी एवढा म्हातारा झालोय?"

"मीही झालोय, दादा. तू बघितलंसच कुठे."

थोरले दुसऱ्या दिवशी गेले. जाताना एक प्रिंट सोबत नेली.

मित्रांनो, मला जपा, ओलीत ठेवू नका, माझ्या लेन्सला बोट लावू नका. हे तर सांगायलाच हवं. पण तुमच्या घरातही फोटो काढणारं एक माणूस असेल. बाबा असतील, मावशी असेल, ताई असेल. तुमचे जुने फोटो चाळून बघा, त्यांत ते माणूस कुठेच सापडणार नाही. आजच त्याच्या हातातून कॅमेरा काढून घ्या आणि त्याला म्हणा, "आता तू पुढे ये."