टोकातला थेंब

"अगं, काचच ती. कधी ना कधी दगा देणारच," मावशी म्हणाली आणि तिने आईच्या पाठीवर हात ठेवला.

मावशी सख्खी नव्हे, पण सख्ख्याहून जवळची. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत आईच्या शेजारचं टेबल तिचं. दोघींचे पांढरे कोट कायम एकाच खुंटीवर, एकावर एक. शाळेला सुट्टी, म्हणून मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. गप्प बसायचं ठरलं होतं. तोंडाला कुलूप लावणं मला जन्मात जमलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रकरण असं: इथे मावशीच्या टेबलावर पास झालेलं व्हिनेगर दुसऱ्या प्रयोगशाळेत नापास झालं. आम्ल कमी भरलं. साहेबांनी खापर फोडलं आईवर, कारण प्रत्येक पिपेटचं, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळीचं, माप तपासून 'चालेल' म्हणणारी तीच. दोष काचेत निघाला, तर ते काम तिच्या हातून जाणार होतं. सकाळपासून आई त्या इवल्याशा पिपेटमधून पाणी सोडून तराजूवर तोलत होती. दरवेळी वजन बरोबर. काच बिचारी सरळ होती.

मग साहेबांनी निरोप धाडला, तीच बाटली पुन्हा तपासा. मावशीने पिपेट भरली, सोडली आणि टोकात उरलेला थेंब रबरी फुगा दाबून फुस्सकन खाली उडवला.

"मावशी, तो थेंब आतच ठेवायचा ना? आई म्हणते, तो मापात धरलेलाच नसतो. तो पडला की आम्ल जास्त भरतं, एवढ्याशा पिपेटला तेवढ्यानंच पास-नापास ठरतं."

आईचा हात तराजूवर थांबला. व्हिनेगर मावशीच्या दिराच्या कारखान्यातलं, हे तिला ठाऊक होतं. तरी मनात कधी पाल चुकचुकली नव्हती. संशय घेतला तो काचेवर.

"हे तुला मीच शिकवलं होतं," ती मावशीला म्हणाली.

तेवढ्यात साहेब दारात आले. "काय, पिपेटच ना?"

आई मावशीकडे बघत राहिली, तिला बोलायला जागा ठेवून.

"हो साहेब," मावशी म्हणाली. "जुनीच आहे ती."

आईने पिपेट तिच्या हातातून घेतली. भरली, सोडली, थेंब टोकात तसाच राहू दिला. रंग बदलेपर्यंत थेंबथेंब अल्कली सोडून आम्ल मोजलं. व्हिनेगर नापास. "पिपेट ठीक आहे, साहेब," एवढंच बोलली. साहेबांची नजर मावशीकडे वळली, तेव्हा आई पिपेट धुवत होती.

संध्याकाळी तिने खुंटीवरचा मावशीचा कोट अलगद उचलला, खालचा आपला काढला आणि मावशीचा पुन्हा नीट अडकवला. आपला नेऊन दारामागच्या खिळ्याला लावला.