रिकाम्या ढाक्याचा आराखडा

ढाका शहर वर्षातून दोनदा राहण्याजोगे होते, आणि दोन्ही वेळा त्याचे कारण एकच असते: ते चालवणारी माणसे ईदसाठी गावी गेलेली असतात. बसच्या दारात, रेल्वेच्या टपावर आणि लाँचच्या कठड्यावर लोंबकळत अर्धे शहर निघून जाते. उरलेले अर्धे, म्हणजे ज्यांची गावे वडिलांबरोबरच मातीत गेली असे आम्ही, खिडकीचा पडदा सारून मोकळा रस्ता पाहतो आणि एकमेकांना फोन करून सांगतो, "काय सुंदर शहर आहे हो आपलं!"

मोफाख्खर भाई हे या सौंदर्याचे सर्वांत निष्ठावान उपासक. धानमंडीतल्या आमच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्या. त्यांनी आयुष्यभर एका खासगी कंपनीत रस्त्यांचे आराखडे काढले. मी पंप बसवत असे. पंपातून पाणी आले नाही तर लोक त्याच दिवशी दारात उभे राहतात. रस्ता तुंबला तर मात्र तो आखणाऱ्याला कोणी शोधत येत नाही. त्यामुळे मोफाख्खर भाईंचा आत्मविश्वास निवृत्तीनंतरही शाबूत होता. दीर्घ अभ्यासानंतर ते ज्या निष्कर्षाला पोहोचले होते तो असा: ढाक्याच्या रस्त्यांत काहीही दोष नाही, दोष त्यांच्यावरून जाणाऱ्या लोकांत आहे.

त्यांचा एकुलता एक मुलगा ताहसीन बरीच वर्षे टोरोंटोला होता. यंदा तो पत्नी नाझियासह रमजानच्या ईदला आला, तो एक प्रश्न घेऊनच. गुलशनमधल्या एका कंपनीने त्याला चांगली जागा देऊ केली होती. सुट्टी संपून रविवारी, म्हणजे आमच्याकडच्या आठवड्यातल्या कामाच्या पहिल्या दिवशी, कचेऱ्या उघडल्या की त्याने हो किंवा नाही कळवायचे होते. त्याच्यासाठी घेतलेले सहाव्या मजल्यावरचे घर कुलूपबंद होते. आतले सामान अजून प्लास्टिकच्या खोळींत होते. मोफाख्खर भाईंना मुलगा परत हवा होता. यात थट्टा करण्यासारखे काही नाही. थट्टेचा भाग असा की, मुलाला ढाका पटवून देण्यासाठी त्यांनी नेमका तो आठवडा निवडला, ज्यात ढाका जागेवर नसते.

"सोबहान भाई," ते मला म्हणाले, "घर दाखवायच्या आधी आपण रंग देतो की नाही?"

"रंग देतो. शेजाऱ्यांना गावी पाठवत नाही."

"ते आपणहून गेलेत. मी फक्त संधी साधतोय." त्यांनी टेबलावर चौकटींचा मोठा कागद पसरला. रोज एक सहल, रोज एक नवी जागा. वर्षभरापूर्वीची जागासुद्धा चालणार नव्हती. "जुन्या जागा त्याने पाहिल्यात. म्हणून तर तो गेला. आणि तुम्ही बरोबर यायचं. मधूनमधून फक्त म्हणायचं, 'शहर किती बदललं!'"

माझी पत्नी मुलीकडे चट्टग्रामला गेली होती आणि घरात शिळ्या पुलावाखेरीज काही नव्हते. मी कबूल झालो.

पहिल्या सहलीला गाडी मोफाख्खर भाईंनीच चालवली, कारण ड्रायव्हर मैमनसिंगला गेला होता. रस्ता असा मोकळा होता की त्यांच्या हातूनही गाडी सरळ चालली. ताहसीनने काच खाली केली. "आब्बू, हे खरंच मिरपूर रोड आहे?" मोफाख्खर भाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिले. "शहर किती बदललं!" मी म्हणालो.

नवी जागा म्हणजे बनानीतल्या एका गच्चीवरचे तुर्की हॉटेल होते. पदार्थांचे पुस्तक लग्नाच्या अल्बमएवढे जाड. ईदचा नवा कुर्ता घातलेला एक तरुण समोर येऊन उभा राहिला. तो मालकाचा भाचा होता, आणि त्या दिवशी सगळे हॉटेल तोच होता.

"कबाब कुठला चांगला?" मोफाख्खर भाईंनी विचारले.

"कबाब नाहीत, चाचा."

"मग हा कोकराचा पाय आण."

"तो तर नाहीच."

"मग आहे काय?"

"नूडल्स आहेत."

"तुर्की?"

"पाकिटातल्या. अंडं घालून देतो, हवं तर."

"अरे, तुमचा तुर्की आचारी कुठे गेला?"

"नोआखालीला. ईद आहे ना, चाचा."

चारही बाजूंच्या टेबलांवर सुखवस्तू कुटुंबे पाकिटातल्या नूडल्सचे फोटो काढत होती. दिलआरा भाबी, म्हणजे मोफाख्खर भाईंच्या पत्नी, पदराने घाम टिपत म्हणाल्या, "याच नूडल्स मी घरी केल्या असत्या तर तुम्ही ताट ढकललं असतंत. असू दे. निदान ही भांडी तरी दुसरं कुणी घासेल."

"कागदाच्या प्लेट आहेत, चाची," भाचा म्हणाला. "घासणारे पण गेलेत."

भाबींचा तो घाम साधा नव्हता. त्यांच्याकडे अकरा वर्षे कामाला राहणारी कुलसुम भोला बेटावर आपल्या गावी गेली होती. ईदला घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे शेवया, पुलाव, कोरमा आणि चहा ठेवावा लागतो, आणि प्रत्येक पाहुणा 'काही नको' म्हणत चार भांडी खरकटी करून जातो. सहलींच्या त्या चौकटींच्या कागदावर ओट्यावरच्या ढिगाला चौकट नव्हती. नाझिया बिचारी सासूच्या शेजारी उभी राहून मुकाट्याने पातेली घासत असे. एकदा मी साखर मागायला गेलो तेव्हा ती हसून म्हणाली, "अगदी घरच्यासारखं वाटतंय, चाचा. टोरोंटोच्या घरच्यासारखं."

दुसरी सहल पूर्वाचलच्या तीनशे फुटी रस्त्यावर होती. मोफाख्खर भाईंच्या मते ढाक्यातल्या मोकळेपणाचे ते शिखर. दुर्दैवाने ढाक्यात उरलेल्या प्रत्येक गाडीवाल्याचे मत तेच होते. मोकळा रस्ता पाहण्यासाठी सगळे एकाच वेळी तिथे आले आणि तो बघता बघता गच्च भरला. पुढे गाडी, मागे गाडी, मध्ये फुगे विकणारी एक बाई. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली करून अत्यंत समाधानाने विचारले, "काय मोकळं वाटतंय, नाही?"

"फार!" मोफाख्खर भाई म्हणाले. त्या वेळी आमची गाडी एका जागी इतका वेळ उभी होती की तिच्या टपावर कावळा येऊन बसला होता.

"आब्बू, हा जॅम आहे," ताहसीन म्हणाला.

"छे. जॅम कामावर जाणाऱ्यांचा असतो. ही हौसेची गर्दी आहे."

"शहर किती..." मी सुरुवात केली.

"सोबहान भाई, तुम्ही आत्ता नका बोलू."

त्या संध्याकाळी ताहसीन माझ्याकडे चहाला आला. मी केलेला चहा त्याने सौजन्याने प्यायला. "चाचा, आब्बूंना कसं सांगू?" तो म्हणाला. "ते मला रोज टोरोंटो दाखवतायत. रुंद रस्ता, माणूस नाही, महाग आणि बेचव जेवण, घरी आलं की आपली भांडी आपण घासा. हे सगळं माझ्याकडे आहे. मग विमानाचं भाडं खर्चून इथे कशाला यायचं?"

 हे मोफाख्खर भाईंना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. रात्रीच्या जेवणानंतर ते वर जाऊन सहाव्या मजल्यावरचे दिवे लावून-विझवून पाहत असत, हे मला ठाऊक होते.

शनिवार उजाडला आणि गेलेले ढाका परत येऊ लागले. सकाळपासून हॉर्न ऐकू येत होते. मोफाख्खर भाईंनी रस्त्याकडचे पडदे ओढले आणि जाहीर केले, "आज घरीच थांबू. लुडो खेळू." एकच दिवस त्यांना शहराला मुलापासून लपवून ठेवायचे होते. मीही फासे टाकायला बसलो. तेवढ्यात भाबींचा फोन वाजला. कुलसुम लाँचमधून सदरघाटावर उतरली होती. बरोबर बोचकी होती आणि एकही रिक्षावाला धड भाडे सांगत नव्हता.

"तिथेच थांब," भाबी म्हणाल्या, "ये तू सावकाश..." आणि एकदम त्यांचा चेहरा बदलला. "काय म्हणालीस? कोण येतंय न्यायला? पाचव्या मजल्यावरची लुबना?"

फोन ठेवून त्या उठल्या. ईदनंतर परतणारी कामवाली घाटावरूनच पळवली जाते, हे आमच्या इमारतीत सर्वांना माहीत आहे. लुबना भाबींची स्वतःची कामवाली या वेळी परत येणार नव्हती, हेही सर्वांना माहीत होते.

"गाडी काढा," भाबी म्हणाल्या.

"सदरघाटला? आज? ताहसीन घरात असताना?"

"त्याला घरात ठेवा नाहीतर खिशात ठेवा. पण गाडी काढा."

"मी येतो, आम्मू," ताहसीन उठत म्हणाला. "आब्बूंच्या नव्या जागांपैकी हीच एक मी अजून पाहिली नाही."

नाझिया ओट्यापाशी राहिली. आम्ही चौघे निघालो. गुलिस्तानपर्यंत गाडी गेली, त्यानंतर गाडीभोवतून माणसे गेली: डोक्यावर गाठोडी, काखेत कोंबड्या, खांद्यावर झोपलेली पोरे, नारळांच्या माळा, मधेच एक शिवणयंत्र. एका बसने आमचा आरसा सोबत नेला. मोफाख्खर भाई चाक घट्ट धरून बसले होते. "आज काहीतरी विशेष असावं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "रोज असं नसतं." मागच्या बसच्या हॉर्नमध्ये त्यांचा आवाज बुडून गेला. मला त्यांच्याकडे पाहवेना. ताहसीन मात्र एकटक खिडकीबाहेर पाहत होता, आणि त्याचा अर्थ मोफाख्खर भाई आणि मी एकच लावत होतो: आता नकारच येणार.

घाटापाशी कुलसुम चुरमुऱ्यांच्या पोत्यावर बसली होती. तिच्यापुढे, उन्हात, चक्क लुबना भाबी उभ्या होत्या. रेशमी साडीत. गुडघेदुखीमुळे जिने उतरताना माझ्या हाताचा आधार घेणाऱ्या दिलआरा भाबी त्या गर्दीतून अशा धावल्या की ताहसीन मागे पडला.

"लुबना, तू इथे कशी?"

"सहज, दिलआरा आपा. सुट्टी आहे ना. म्हटलं, नदी बघावी."

"बघ की. नदी तिकडे आहे." भाबींनी पोत्याचे एक टोक धरले. दुसरे टोक लुबना भाबींच्या हातात होते.

"ओढू नका, फाटेल," कुलसुम पोत्यावरून उठत म्हणाली. "कुणाची गाडी जवळ आहे ते सांगा. पाय दुखतायत माझे."

आमची जवळ होती. भाबींनी पुढचे दार उघडले. स्वतः त्या येताना ज्या जागेवर बसून आल्या होत्या तिथे कुलसुमला बसवले आणि आपण मागे, मांडीवर पोते घेऊन, माझ्या आणि ताहसीनच्या मध्ये घुसल्या. परतीच्या वाटेवर मोफाख्खर भाईंनी कुलसुमला दोनदा विचारले, वारा लागतोय का.

घरी आल्यावर कुलसुमने पदर खोचला. थोड्याच वेळात ओटा दिसू लागला. मग त्यावर भात, डाळ, वांग्याचा भोर्ता आणि तळलेले मासे. नाझिया ईदनंतर प्रथमच सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. तिच्या हातात कोणीतरी दुसऱ्याने केलेला चहा होता. तो संपवून ती ताहसीनच्या कानाशी काहीतरी बोलली. त्याने मान डोलावली.

"आब्बू," तो म्हणाला, "आमचं ठरलं. आम्ही ढाक्याला येतो."

मोफाख्खर भाई उठले, पुन्हा बसले. त्यांचे डोळे भरून आले. "तो तीनशे फुटी रस्ता पाहून ना?"

"नाही, आब्बू. हे जेवण पाहून."

"आम्मू, एकच आहे," नाझिया गोड आवाजात म्हणाली. "कुलसुम वर आमच्याकडे राहील. तुम्हा दोघांचं काम ते किती!"

भाबी वाढता वाढता थांबल्या.

"मग काय झालं!" मोफाख्खर भाई हसून म्हणाले. "दिलआरा, अगं, पोरं येतायत!"

"मी नवी शोधून देईन," भाबी म्हणाल्या.

"नवी नको, आम्मू. शिकवणार कोण? हीच द्या ना."

कुलसुम हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. "मला कुणी विचारणार आहे," ती म्हणाली, "की मीही वरच्या घरातलं, खोळ घातलेलं सामान?"

 आम्ही सगळे भाबींकडे पाहत होतो. भाबींनी आधी मुलाकडे पाहिले, दूरवरून आलेल्या, एकुलत्या एक मुलाकडे. मग त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून पुढे गेली आणि स्वयंपाकघरातल्या लखलखीत, रिकाम्या ओट्यावर स्थिरावली. 

"ताहसीन, बाबा," शेवटी त्या मायेने म्हणाल्या, "टोरोंटोची हवा चांगली आहे ना रे? आणि भांडी धुण्याचं यंत्रसुद्धा मिळतं म्हणे तिकडे. आम्ही घेऊन देऊ तुम्हाला. मोठं घ्या."

रविवारी ताहसीनने गुलशनच्या कंपनीला नाही कळवले. मोफाख्खर भाईंनी विमानतळावर त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.  आता त्यांनी कुर्बानीच्या ईदसाठी नवा कागद आणला आहे. त्यांच्या मते चूक लोकांच्या परतीचा दिवस ताहसीनच्या मुक्कामात धरण्यात झाली.

सहाव्या मजल्यावरच्या खोळींवर धूळ बसते. कुलसुम दर शुक्रवारी ती झटकायला वर जाते. त्या वेळी दिलआरा भाबी, गुडघे दुखत असूनही, जिन्यात उभ्या राहतात, कारण वाटेत पाचवा मजला लागतो.