हजर होतानाचे कपडे

माझी बहीण लग्न होऊन सीमेपलीकडे गेली आणि पुढे तो देशच आमचा शत्रू झाला. त्यामुळे भाचा माझ्या मागच्या दारात उभा राहिला तो शत्रूच्या गणवेशात. वरून फाटका रेनकोट, पाय मुरगळलेला. रेल्वेचा पूल उडवायला आलेल्या टोळीतला तो एकटाच उरला होता.

"माय मरो नि मावशी उरो म्हणतात, ते आज पटलं," असं म्हणत तो भिंतीला टेकून खाली बसला.

"आधी पाणी पी. पूल उडाला का?"

"स्फोटकं भिजली. पहाऱ्यावरच्यांनी गोळ्या झाडल्या, उडालो ते आम्हीच."

मी कपडे शिवायची. यंत्र पुढच्या खोलीत, गिऱ्हाइकांची सारखी ये-जा. त्याला लपवणं मला जमणार नव्हतं आणि परत जाणं त्याच्या पायाला. म्हणून मी दिराला बोलावलं. भावोजी पोलिसात फौजदार. सासू लवकर गेली, तेव्हापासून माझ्याच हातचं जेवून मोठे झालेले.

"आपणहून हजर हो," भावोजी त्याला म्हणाले. "युद्धकैदी म्हणून ठेवतील. लढाई संपली की घरी."

"ते गणवेश अंगावर असेल तर," भाचा म्हणाला. "साध्या कपड्यांत सापडलो तर हेर, आणि हेराला फाशी. आम्हाला आधी हेच शिकवतात."

"बरोबर शिकवलंय. पण या वेषात चौक तरी ओलांडशील का? लोक ठेचून काढतील. साधे कपडे घाल, गणवेश मी पिशवीत घेतो. ठाण्यात गेल्यावर परत चढव, मग पंचनामा करू."

भाच्याने मुरगळलेल्या पायावर भार टाकून पाहिला. "शब्द देता?"

"वहिनी मला आईच्या जागी. त्यांची शपथ."

मी नवऱ्याचा जुना सदरा आणि पँट काढली, त्याच्या मापाने बाह्या आत घेतल्या. भावोजींनी त्याला दंडाला धरून नेलं, आजाऱ्याला दवाखान्यात न्यावं तसं.

लष्करी कोर्टापुढे आलेल्या पंचनाम्यात सदरा होता, पँट होती. गणवेश नव्हता. मी साक्षीला उभी राहून सगळं सांगितलं.

"मग गणवेश कुठे आहे, बाई?" सरकारी वकिलाने विचारलं.

मी भावोजींकडे बोट दाखवलं. ते शांतपणे उठले. "साहेब, मावशीची माया आहे ती. त्यांना दोष देऊ नका. मी गणवेश पाहिलेला नाही."

हेर ठरला. फाशी.

भाच्याचे वकील म्हणाले, फौजदाराने जबाब बदलला तरच काही होईल. मी भावोजींच्या घरी गेले. थोरली असून त्यांचे पाय धरले.

"उठा, वहिनी. शत्रूला आसरा दिल्याचं कलम तुमच्यावर लागत होतं. मी लागू दिलं नाही."

"आणि हेर पकडल्याची तुमची बढती?"

"ती वरचे देतात. बसा, चहा टाकायला सांगतो."

"केसाने गळा कापलात, भावोजी. शपथही माझीच घेतलीत."

दारात उभी असलेली जाऊ आत निघून गेली.

शेवटच्या भेटीत आमच्या मध्ये जाळी होती. भाच्याने आईला द्यायचा निरोप सांगितला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, आता खरं सांग. तुमच्या दोघांचं आधीच ठरलं होतं ना?"

"नाही रे. तुझ्याइतकीच फसले मी."

त्याने मान हलवली. वडीलधाऱ्यांचं मन राखायला हलवतात, तशी.