इकाम्याचा रकाना

सातवीच्या वर्गाचं कोर्टाचं नाटक चौथ्यांदा मोडलं, तेव्हा पद्मिनीबाईंचा संयम संपला. जेद्दातली ती छोटीशी भारतीय शाळा. वर्गात मुलं जेमतेम अठरा. परदेशी माणसांच्या नोकऱ्या सौदी लोकांना देण्याचं सौदीकरण सुरू झाल्यापासून दर पंधरवड्याला कुणाच्या तरी वडिलांची नोकरी जायची आणि पाठ झालेल्या संवादांसकट मूल रत्नागिरीला नाहीतर पुण्याला पोचायचं. आता बसवा पुन्हा नवा वकील!

वैतागून बाईंनी तक्ता केला. मुलाचं नाव, भूमिका आणि शेजारी वडिलांच्या इकाम्याची तारीख. स्नेहसंमेलनापर्यंत ज्याच्या घरचा राहण्याचा परवाना पुरणार नाही, त्याला भूमिका नाही. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं, पालकांनी माना डोलावल्या. अन्याय नीट आखलेल्या रकान्यात बसवला की आपण त्याला शिस्त म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

पहिली कात्री इफरावर चालली. ती नाटकातली न्यायाधीश, आणि तिला सगळ्यांचेच संवाद पाठ. पण तिच्या वडिलांचा, सिराजुद्दीनचा, इकामा संमेलनाच्या दहा दिवस आधी संपत होता आणि कंपनी तो वाढवून देणार नव्हती. इफराची भूमिका गेली. मग तिच्या बाकावर शेजारी बसणारी मेहेक दुसऱ्या बाकावर गेली. डबा खायलाही इफराला कुणी बोलवेना. ती जाणारच आहे, असं मुलं म्हणायची.

चौथ्या दिवशी तिची आई कुबरा शाळेत आली. बाईंनी भांडणाची तयारी ठेवली होती, पण कुबराने आवाज चढवला नाही.

"मॅडम, घरात सामान बांधायला घेतलंय, त्याचं तिला काही नाही. ती विचारते, अम्मी, मी अजून इथंच आहे ना, मग सगळे मी गेल्यासारखे का वागतात? मी काय सांगू तिला?"

बाईंनी नाटक पुन्हापुन्हा बसवण्याचा त्रास ऐकवला. कुबराने तो शांतपणे ऐकून घेतला.

"बरोबर आहे तुमचं. पण इथं जन्मभर राहायला कोण आलंय? तुमचा इकामा कधीपर्यंत आहे, मॅडम?"

बाईंनी तोऱ्यात पर्समधून कार्ड काढलं. तारीख हिजरी, म्हणजे मुस्लिम चांद्र कालगणनेतली. बोटांवर मोजली, पुन्हा मोजली. नवऱ्याच्या, श्रीपादच्या, नोकरीवरचा त्यांचा इकामा संमेलनाच्या सहा दिवस आधी संपत होता! श्रीपाद म्हणत होता, वाढेल. सिराजुद्दीनही दोन महिन्यांपूर्वी तेच म्हणत होता. बाईंच्याच नियमाने बाईंना हे नाटक बसवता येत नव्हतं.

त्यांना मनापासून लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर तक्ता फाडला, इफराची माफी मागितली आणि प्रत्येक भूमिका दोघांना दिली. इफराची जोडीदार मेहेक. शिवाय इफराच्या शेवटच्या गुरुवारी, पोशाखासकट, अख्खं नाटक वर्गातच केलं. कुबरा शेवटच्या बाकावर बसून बघत होती.

निकाल वाचून झाल्यावर इफराने न्यायाधीशाचा हातोडा मेहेकला दिला आणि बजावलं, "दोनदा आपट. एकदा आपटलास तर मागचे गप्प बसत नाहीत."

मित्रहो, परदेशात काय आणि आपल्या गावात काय, तारीख प्रत्येकाचीच ठरलेली असते. निरोप द्यायचा तो जाण्याच्या दिवशी द्यावा. माणूस समोर बसलेला असताना त्याची जागा रिकामी करू नये.