आमच्याकडे कुणालाच नाही

शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो काढायचं काम त्याच्याकडे येऊन चार वर्षं झाली होती. स्टुडिओ टीचभर, पण माणसाचा हात चांगला. रडकं पोर असो की दाढदुखीने वैतागलेले आजोबा, दोन मिनिटांत फोटो काढून हा मोकळा. त्या दिवशी शाळेत चौथीचा वर्ग रांगेत उभा होता आणि रांगेत त्याची स्वतःची मुलगीही होती. घरी तिला सगळे ठकी म्हणत.

ठकीला दीड वर्षापासून एक खोड लागली होती. निदान घरात तरी त्याला खोडच म्हणत. आधी डोळ्यांची उघडझाप, मग मानेला हिसका, आणि अलीकडे घशातून ‘हुं’ असा बारीक आवाज. एक कमी झालं की दुसरं हजर. तिची आजी म्हणायची, लाडावून ठेवलीय, दुसरं काय. आणि वर हेही ऐकवायची की हे सुनेच्या माहेरचं असणार, तिचा भाऊ नाही का अडखळत बोलत.

ठकी स्टुलावर बसली. पहिल्या फोटोत डोळे मिटलेले, दुसऱ्यात मान तिरकी, तिसऱ्यात तोंड वाकडं. मागच्या मुली फिदीफिदी हसायला लागल्या. त्याचे कान तापत गेले. विसाव्या फोटोला त्याचा तोल सुटला.

“मुद्दाम करतेस ना? सगळ्यांसमोर माझं नाक कापायचंय तुला?”

ठकीने श्वास रोखला, मुठी आवळल्या आणि दगडासारखी बसून राहिली. एकविसावा फोटो चांगला आला. मनात आणलं की जमतं, असं तिला सुनावून त्याने पुढच्या मुलाला बोलावलं.

वर्गाच्या बाईंना ठकी थोड्या वेळाने जिन्याखाली सापडली. दाबून धरलेलं सगळं एकदम उसळून आलं होतं. मान इतकी हिसकत होती की डोकं भिंतीवर आपटू नये म्हणून तिने दप्तर मागे धरलं होतं. बाई तिच्याजवळ नुसत्या बसून राहिल्या आणि मग त्यांनी तिच्या आईला फोन केला. रागावू नका, डॉक्टरांना दाखवा, एवढंच त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाई आधी ठकीशीच गप्पा मारत बसल्या. मग आईबापांकडे वळून म्हणाल्या की याला टिक्स म्हणतात. हालचाल आणि आवाज दोन्ही असतील आणि सुरुवात होऊन वर्ष उलटलं असेल, तर त्याला टुरेट सिंड्रोम असं नाव आहे. ही खोड नव्हे, हट्ट नव्हे, लाडाचा परिणाम तर मुळीच नव्हे. ताण आला की वाढतं, मन रमलं की कमी होतं. बऱ्याच मुलांचं मोठेपणी ओसरतंही.

त्याने विचारलं, मग फोटोच्या वेळी तिला थांबवता कसं आलं?

“शिंक दाबता येते ना तुम्हाला?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “किती वेळ?”

त्यांनी कागद पुढे ओढला. हे पुष्कळदा घराण्यात असतं, म्हणून विचारते, दोन्हीकडे कुणाला असं काही होतं का?

“आमच्याकडे कुणालाच नाही,” तो पटकन म्हणाला.

बायकोने मान खाली घातली. माझा भाऊ अडखळतो, असं ती इतक्या हळू म्हणाली की डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं. ते वेगळं, आणि दोष कुणाचाच नसतो, असं त्यांनी समजावलं. पण बायकोची मान घरी येईपर्यंत खालीच होती.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तो फोटो निवडायला बसला. ठकीचा एकविसावा फोटो त्याने मोठा करून पाहिला. मान सरळ, डोळे उघडे. डोळ्यांच्या कडांना पाणी साचलेलं आणि जबडा असा आवळलेला, जणू कुणी मारायला हात उगारलाय. हा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. नऊ वर्षांचा असताना आरशात हाच दिसायचा. त्याचा उजवा डोळा तेव्हा सारखा मिटायचा आणि वडिलांचा हात तयारच असायचा. पुढे हातात कॅमेरा आला, आणि कॅमेऱ्यामागे एक डोळा मिटलेल्या माणसाला कोण काय म्हणणार? पस्तीस वर्षं त्याने हे असं झाकलं होतं, बायकोपासूनसुद्धा. आणि काल तिला खाली मान घालायला लावून तो शेजारी ताठ बसला होता. त्याला स्वतःची किळस आली. दुपारीच शटर ओढून तो घरी गेला.

आई आणि बायको स्वयंपाकघरात होत्या. त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

आई म्हणाली, “पण तुझं तर गेलं होतं. दोन फटक्यांत गेलं होतं.”

“गेलं नव्हतं, आई. लपलं होतं.”

आई पदराशी चाळा करत बसली. बायको त्याच्याकडे पाहत राहिली. “दीड वर्ष माझ्या भावावरून बोलणी खाल्ली मी,” ती म्हणाली, “आणि तुम्ही शेजारी बसून जेवत होतात.”

ठकी शाळेतून आल्यावर त्याने तिलाही सांगितलं. तिने त्याचा उजवा डोळा नीट निरखून पाहिला.

“मग तुला माहीत होतं ना बाबा, मुद्दाम नसतं ते?”

“होतं.”

“मग?”

“लाज वाटली,” तो म्हणाला. ठकीने खेळायला जाऊ का विचारलं आणि ती गेली.

पुढच्या भेटीत त्याने डॉक्टरांसमोर खोटं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं कागदावर लिहून घेतलं, आणि ते त्याला जास्त लागलं. ठकीला सराव शिकवायला सुरुवात झाली. हिसका येतोयसं वाटलं की हनुवटी हळूच खाली घेऊन श्वास सोडायचा. कधी जमतं, कधी नाही. वर्गाला सगळं समजावून सांगायला बाईंनी त्यालाच बोलावलं. तिथे मुलांसमोर त्याचा डोळा तीनदा मिटला. कुणीतरी हसलंही.

मानेचा हिसका सुट्टीपर्यंत कमी झाला, घशातला आवाज मात्र वाढला. दुकानात लोक वळून पाहतात तेव्हा त्याचे कान अजून तापतात. ठकीचा हात सोडून चार पावलं पुढे जावंसं वाटतं. तो जात नाही, पण वाटतं खरं, आणि हे त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही.